सायकलची मूठ आणि सोसण्याचे कौतुक

साहित्यचर्चेच्या पानावर सायकलच्या हँडलवरील मुठींविषयी लिहिलेले काही वाचकांना खटकेल. परंतु या मुठींच्या निमित्ताने आपल्याकडील एका लाडक्या समजुतीची तपासणी करता येते, असे आम्हांस वाटते. सायकलने महाविद्यालयात जाणाऱ्या कोणी तळहात दुखतात, बोटांना मुंग्या येतात अशी तक्रार केली, की उत्तर ठरलेले असते : ‘सवय होईल. आमच्या वडिलांनी उभा जन्म सायकल मारली, त्यांना कुठे लागल्या असल्या ग्रिपा?’

हा युक्तिवाद ऐकायला भारदस्त आहे. पण तो चुकीच्या वाचनावर उभा आहे. त्या पिढीची काळी, उंच सायकल डोळ्यांसमोर आणावी. हँडल उंच असे आणि त्याची दोन्ही टोके स्वाराकडे वळलेली असत. पाठ ताठ राही, भार मुख्यतः सीटवर पडे आणि हातांकडे दिशा देण्याचे व ब्रेक दाबण्याचेच काम उरे. म्हणून टणक प्लास्टिकची मूठही चालून जाई. आजच्या सरळ दांड्याच्या सायकलीवर स्वार पुढे झुकतो आणि धडाचा बराच भार तळहातांवर येतो. म्हणजे जे त्या पिढीला सोसावेच लागले नाही, त्याचे श्रेय आपण तिच्या सोशिकपणाला देत आहोत!

हा भार नेमका कोठे पडतो, यावर दुखण्याचे स्वरूप ठरते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, तर त्या बाजूला तळहाताच्या बुडाशी असलेल्या अल्नर या मज्जातंतूवर दाब येत असण्याचा संभव अधिक. तो ज्या अरुंद वाटेने हातात उतरतो, तिला गीयाँ या फ्रेंच शल्यविशारदाचे नाव आहे. त्याने तिचे वर्णन १८६१ मध्ये केले. अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येत असतील, तर मनगटाच्या मध्यातून जाणाऱ्या मीडियन मज्जातंतूचा विचार करावा लागतो. मनगट सतत मागे मुडपलेले राहिले की त्याला त्रास होतो. तेव्हा मूठ निवडण्यापूर्वी आपली कोणती बोटे बोलत आहेत, हे ऐकणे आवश्यक आहे.

दुकानात मात्र पहिला मान मऊपणाला मिळतो. अंगठ्याने दाबून पाहायचे आणि जी अधिक दबेल ती घ्यायची, हा सार्वत्रिक प्रघात. आमच्या मते तो फसवा आहे. फार मऊ मूठ भाराखाली दबते, आतला दांडा पुन्हा हाताला लागतो आणि पकड टिकवण्यासाठी बोटे अधिक आवळावी लागतात. जाड मूठ लहान पंजाला आणखी थकवते. याउलट, बाहेरच्या टोकाला पंखासारखी रुंद, चपटी होत जाणारी मूठ फारशी मऊ नसली तरी भार मोठ्या पृष्ठभागावर पसरवते. करंगळीकडील बधिरतेवर ती बहुधा अधिक उपयोगी. तिचा कोन मात्र नीट बसवायला हवा : मनगट बाहूच्या रेषेत सरळ राहिले पाहिजे. पंख फार वर वा खाली वळला, तर उपायच अपाय होतो. म्हणून स्क्रूने आवळायची मूठ बरी. कोन पुन्हा पुन्हा बदलून पाहता येतो आणि ती दांड्यावर फिरत नाही.

‘एर्गोनॉमिक’ हे वेष्टनावरील विशेषणही तपासून घ्यावे. ग्रीक भाषेतील ‘काम’ आणि ‘नियम’ या अर्थांच्या दोन शब्दांपासून ही संज्ञा १८५७ मध्ये यास्त्रशेंबोव्स्की या पोलिश निसर्ग-अभ्यासकाने घडवली. तिच्या मुळाशी श्रमाचा विचार आहे. आणि श्रम कोणत्या तरी एका देहाचे असतात. आपल्याकडे खुरप्याची वा विळ्याची मूठ हाताला लागली, तर ती तासून घेत, नाहीतर चिंधी गुंडाळून बेताची करीत. हत्याराने हाताशी जुळवून घ्यावे, हा विचार आपल्याला परका नाही. सायकलपाशी येताच आपण तो विसरतो आणि एकाच मापाच्या मुठीशी सर्वांचे, विशेषतः लहान पंजाच्या स्त्रियांचे, हात जुळवू पाहतो.

अर्थात मूठ हा शेवटचा उपाय आहे. सीटचे टोक पुढे कललेले असेल, हँडल फार दूर वा फार खाली असेल, चाकात हवा दगडासारखी भरलेली असेल, तर कोणतीही मूठ हाताला वाचवू शकणार नाही. आधी हे दुरुस्त करावे, वाटेत हातांची जागा बदलत राहावी आणि मग मूठ घ्यावी. एवढ्यानेही बधिरता सायकलवरून उतरल्यावर टिकत असेल किंवा बोटांतील जोर कमी होत असेल, तर डॉक्टरांना दाखवणे हेच योग्य.

‘सवय होईल’ हा सल्ला देणाऱ्याला काहीच खर्च नसतो. ऐकणारा मात्र महिन्याभरात सायकल जिन्याखाली लावून मोकळा होतो. आमचा आक्षेप आहे तो याला.