वाऱ्याचे वाडे

हवेनें फुगविलेला रंगीत किल्ला वाढदिवसास भाड्यानें आणावयाचा व त्यावर मुलांना मनसोक्त उड्या मारूं द्यावयाच्या, ही हौस आतां आपल्याकडेहि रुळली आहे. अमेरिकेंत जॉन स्कर्लॉक यांनीं सन १९५८ च्या सुमारास असें साधन प्रथम सिद्ध केलें. आज ऑरलँडो येथें दरवर्षीं नोव्हेंबरांत करमणूक-व्यवसायाचें मोठें प्रदर्शन भरतें, आणि असे किल्ले तेथें विक्रीस मांडलेले असतात.

परंतु प्रदर्शनाच्या बंदिस्त दालनांत वारा नसतो. तेथें रंग, उंची व किंमत डोळ्यांत भरते. खुंट्यांची परीक्षा होत नाहीं. १६ डिसेंबर २०२१ रोजीं टास्मानियांतील डेव्हनपोर्टच्या एका शाळेंत अकस्मात् आलेल्या वाऱ्यानें असा किल्ला उचलला गेला व सहा मुलें दगावलीं. किल्ला निदान सहा ठिकाणीं जखडावा आणि वाऱ्याचा वेग ताशीं ३८ किलोमीटरांहून अधिक झाल्यास वापरूं नये, असा युरोपीय मानकाचा दंडक आहे.

सुज्ञ पालकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, भाडें ठरवितांना रंगाची चौकशी मागाहून करावी. खुंट्या किती, वारा मोजण्याचें यंत्र आहे काय आणि मुलांवर लक्ष ठेवण्यास कोण उभें राहणार, हें आधीं विचारावें.