गुणांवरची गदा आणि पुढचा आखाडा

महाराष्ट्र केसरीची गदा एकाच जिल्ह्याच्या भूमीवर दोन महिन्यांच्या आत दोनदा उचलली जावी, असा योग २०२५ साली अहिल्यानगर जिल्ह्याच्या वाट्यास आला. फेब्रुवारीच्या आरंभी नगर शहरातील वाडिया पार्कच्या मैदानावर पुण्याचा पै. पृथ्वीराज मोहोळ याने सोलापूरच्या पै. महेंद्र गायकवाड याजवर मात केली. मार्चअखेर कर्जत येथे सोलापूरच्याच पै. वेताळ शेळके याने कोल्हापूरच्या पै. पृथ्वीराज पाटील यास नमवून दुसरी गदा मिळविली. आधी झालेली स्पर्धा सदुसष्टावी आणि मागाहून झालेली सहासष्टावी! राज्यात कुस्तीच्या दोन संघटना आणि दोहोंचा हिशेब निराळा, म्हणून हे उलटे अंकगणित. त्या वादाचा न्यायनिवाडा करण्याचा आमचा उद्देश नाही. वाडिया पार्कच्या निकालाने जो प्रश्न उभा केला, तो संघटनांच्या भांडणाहून अधिक मोलाचा आहे.

ती अंतिम कुस्ती चीतपट झाली नाही. मोहोळचे दोन गुण आणि गायकवाडचा एक, असा तिचा निकाल. अवघे काही क्षण उरले असता गायकवाडने पंचांच्या गुणदानावर आक्षेप घेऊन मैदान सोडले. त्याआधी गादी विभागात मोहोळशी लढताना पाठ लागल्याचा निर्णय नांदेडकडून उतरलेल्या पै. शिवराज राक्षे यास मान्य झाला नव्हता, आणि त्याचा संताप पंचांच्या अंगावर जाण्यापर्यंत पोचला. पुढे राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची घोषणा झाली. या गोंधळात विजेत्याच्या कुस्तीविषयी फारसे कोणी बोलले नाही, आणि जे बोलले, त्यांतील अनेकांच्या तोंडी एकच वाक्य होते: “दोन गुणांची कसली कुस्ती? पाठ लावली असती तर गोष्ट वेगळी.”

हा आक्षेप नवा नाही आणि तो उडवून लावण्यासारखाही नाही. आमच्या गावोगावच्या यात्रांत निकाली कुस्तीचीच परंपरा आहे. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली की कुस्ती झाली. न लागली तर बरोबरीत सुटली. मधला हिशेब तेथे नाही. ज्या प्रेक्षकाचा डोळा धोबीपछाड आणि ढाक पाहण्यात तयार झाला, त्याला प्रतिस्पर्ध्यास रेषेबाहेर रेटून मिळालेला एक गुण फिका वाटणारच. मुष्टियुद्धातही हीच तक्रार ऐकू येते. एका ठोशात समोरच्यास आडवा करणाऱ्यावर लोक लुब्ध असतात. हलक्या हाताचा, पण चपळ पायांचा आणि शांत डोक्याचा मुष्टियोद्धा फेरीमागून फेरी जिंकत असला, तरी त्याच्या वाट्याला टाळ्या कमीच येतात.

तथापि गादीवरील कुस्तीचे शास्त्रच निराळे आहे. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. पायाची पकड घेऊन खाली आणल्यास दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकलल्यास एक. मुक्त शैलीत दहा गुणांची आघाडी मिळाली की कुस्ती तेथेच संपते. निष्क्रिय राहणाऱ्यास ताकीद मिळते आणि तीस सेकंदांत गुण न मिळविल्यास प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात गुण जमा होतो. या चौकटीत केवळ बळ पुरत नाही. श्वास कधी राखावा, पकड कधी सोडावी, आघाडी कशी सांभाळावी, या बुद्धीच्या गोष्टी आहेत. गुणांवर मिळविलेला विजय हा ओढूनताणून उत्तीर्ण होण्याचा प्रकार नसून, वेगळ्या विषयाची परीक्षा देणे होय. याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील पै. हर्षवर्धन सदगीर हा २०२० च्या जानेवारीत नाशिकच्या वतीने उतरला आणि अंतिम कुस्ती ३-२ अशी जिंकून महाराष्ट्र केसरी झाला. कमरेखाली पकड वर्ज्य असलेल्या ग्रीको-रोमन शैलीत तयार झालेला हा मल्ल. त्याच्या त्या एका गुणात वर्षांची तालीम होती. २०२२ साली साताऱ्यास पृथ्वीराज पाटीलनेही गदा मिळविली ती ५-४ अशा गुणांवरच. त्यांना कोणी लटके केसरी म्हणत नाही. मग मोहोळच्या दोन गुणांनाच कमीपणा का?

येथवर आम्ही विजेत्याच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू. राज्याची गदा हे कुस्तीगिराच्या आयुष्यातील एक ठाणे आहे, मुक्काम नव्हे. दुर्दैवाने आमच्याकडे ते ठाणेच मुक्काम झाले आहे. १९६१ पासून चालत आलेल्या या किताबाबरोबर मान मिळतो, मिरवणूक निघते, चारचाकी गाडी मिळते, पुढे यात्रांची निमंत्रणे येतात. या साऱ्यात वाईट काहीच नाही. गरीब शेतकऱ्याच्या घरातील मुलाच्या दुधा-बदामाचा खर्च कोणी तरी भागविलाच पाहिजे. पण ज्याचे सामर्थ्य कौशल्यात आहे, त्याला घरच्या मैदानी कुस्त्यांत नवे शिकण्यासारखे फार थोडे उरते.

याहून मोठी अडचण वजनाची आहे. महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलोंचा. आता भारताच्या ऑलिंपिक पदकांकडे पाहावे. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळविले ते ५७ किलो गटात. त्यानंतर सुशील कुमार ६६, योगेश्वर दत्त ६०, बजरंग पुनिया ६५, रवी दहिया ५७ आणि २०२४ साली पॅरिसमध्ये अमन सेहरावत पुन्हा ५७. पुरुषांच्या कुस्तीत ६६ किलोंच्या वर भारताला ऑलिंपिक पदक आजवर मिळालेले नाही. म्हणजे देशाची पदके ज्या गटांत येतात, त्या गटांसाठी महाराष्ट्राकडे गदा नाही. आणि जेथे गदा आहे, तेथे जगातील स्पर्धा सर्वांत कठीण आहे.

ज्यांनी यातून वाट काढली, त्यांची उदाहरणे बोलकी आहेत. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे यांच्या नावावर महाराष्ट्र केसरीची गदा नाही. पण २०१८ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटाचे कांस्य त्यांनी आणले. नरसिंग यादव यांनी २०११ पासून लागोपाठ तीनदा गदा जिंकली खरी, परंतु २०१५ साली जागतिक कांस्यपदक मिळविले ते ७४ किलो गटात. खाशाबांचे उदाहरण तर सर्वांत जुने. १९४८ साली लंडनला ते सहावे आले, गादीची कुस्ती काय असते हे त्यांनी तेथे अनुभवले, आणि चार वर्षांनी त्या अनुभवाचे पदक केले. सहाव्या क्रमांकाने त्यांना जे शिकविले, ते घरच्या दहा विजयांनी शिकविले नसते.

मोहोळ असो वा शेळके, त्यांच्यापुढचा खरा प्रश्न आता हा आहे. ९७ किंवा १२५ किलोंच्या गटात इराणचे, रशियाचे, जॉर्जियाचे मल्ल समोर येतील तेव्हा दोन गुणांची आघाडी टिकविण्याइतके बळ अंगी आहे काय? कौशल्य असेल तर बळ तालमीत वाढविता येते. बळ असून कौशल्य नसेल तर ते काम फार अवघड. म्हणूनच गुणांवर जिंकणाऱ्या मल्लाविषयी आम्ही निराश नाही. पण त्याला गदा उचलल्यानंतरच्या काळात यात्रांच्या फडांहून अधिक राष्ट्रीय शिबिरे आणि परदेशी स्पर्धा मिळाल्या पाहिजेत. गदा ठेवायला घरात भिंत पुरते. पुढच्या तयारीला मात्र प्रशिक्षक, आहार आणि वेळ लागतो.

काही गोष्टी संयोजकांच्या हाती आहेत. निर्णयाची दृक्‌फीत तेथल्या तेथे तपासण्याची सोय आणि तिचा उपयोग प्रत्येक मोठ्या कुस्तीत सक्तीचा असावा. दोन गुणांवर किताब ठरतो, तेथे पंचाच्या डोळ्यावर सारा भार टाकणे पंचावरही अन्यायाचे आहे. ५७, ६५ व ७४ किलो गटांतील राज्यविजेत्यांना केसरीच्या तोडीचा सन्मान आणि पारितोषिक द्यावे. आणि दोन संघटनांनी एक गदा, एक क्रमांक, एक पंचमंडळ एवढे तरी मान्य करावे. १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांनी राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली, ती विखुरलेल्या तालमी एकत्र आणण्यासाठी. दोन केसरी निर्माण करण्यासाठी खचित नव्हे.

नगर आणि कर्जतच्या मैदानांवर हजारोंच्या गर्दीने मल्लांना डोक्यावर घेतले. त्या प्रेमाला तोड नाही. पण त्या प्रेक्षकांनी आता आपला डोळाही थोडा बदलावा. पाठ लागल्यावर जेवढ्या टाळ्या पडतात, तेवढ्या एका नेमक्या एकेरी पटालाही पडू लागल्या, तर हेलसिंकीनंतर महाराष्ट्राच्या मातीने पाहिलेली दीर्घ प्रतीक्षा संपण्याची आशा धरता येईल.