समुद्रातील वारा आणि नफ्याची हमी
सागरी पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण केंद्र सरकारने २०१५ साली जाहीर केले. पुढील दहा वर्षांत भारताच्या समुद्रातील एकाही पवनचक्कीने वीज दिली नाही! समुद्रावरील वारा जमिनीवरील वाऱ्यापेक्षा जोमदार व अधिक सातत्याचा. पण खर्चही मोठा, आणि हमखास नफ्यावाचून भांडवल पाण्यात उतरत नाही. म्हणून जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने गुजरात व तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी एकूण ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. अनुदान जनतेचे, बंदरांची सुधारणा जनतेच्या पैशाने, समुद्रातील उपकेंद्रे सार्वजनिक क्षेत्रातील पॉवर ग्रिडने उभारायची, आणि प्रकल्प मात्र खासगी विकासकांचे! एवढे ताट वाढूनही २०२५ मध्ये गुजरातची निविदा रद्द करावी लागली.

ब्रिटनमध्ये २०२३ च्या लिलावात सागरी पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नाही. सरकारने मेगावॅट-तासाचा कमाल दर २०१२ च्या किमतींनुसार ४४ पौंडांवरून ७३ पौंडांवर नेला, तेव्हा मक्तेदार परतले. भांडवलदारी वृत्तपत्रे याला संप म्हणत नाहीत. तो शब्द कामगारांसाठी राखलेला आहे.

१९७४ साली मुंबई हायचे तेल शोधले ते सार्वजनिक क्षेत्राने. भर समुद्रात पोलादी फलाट उभारून ते चालविण्याचा अनुभव ओएनजीसीच्या कामगार-अभियंत्यांपाशी आहे. मग अनुदान खासगी विकासकांना का? ते ओएनजीसी व एनटीपीसीकडे वळवावे. आणि मन्नारच्या आखातातील मच्छीमारांच्या संमतीवाचून तेथे एकही खांब रोवला जाता कामा नये.