घरून काम, खर्च कुणाचा?

संपादक महोदय,

‘घरून काम म्हणजे नोकरदाराची बचतच’ हे आपल्या अंकातील मत एकांगी आहे. पुण्या-मुंबईतला प्रवासखर्च वाचतो, एवढे मान्य. पण २०२०च्या टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन गावी परतलेल्यांचा हिशेब लेखात कुठेच नाही. वसमतच्या उन्हाळ्यात दिवसभर कूलर लावल्याशिवाय संगणकासमोर बसवत नाही. घरगुती मीटर १०० युनिटांपुढे गेले की पुढच्या युनिटांना चढा दर लागतो. वीज गेली तर इन्व्हर्टर आपला, ब्रॉडबँड बंद पडले तर मोबाइलचा डेटाही आपलाच. कंपनीचे मात्र जागेचे भाडे आणि वीजबिल दोन्ही वाचते.

‘कायद्यात सोय आहे’ हे तर दिशाभूल करणारे विधान. केंद्राने ३१ डिसेंबर २०२० रोजी सेवा क्षेत्रासाठी काढलेल्या आदर्श स्थायी आदेशांच्या मसुद्यात घरून कामाची मुभा होती. खर्च कुणी सोसायचा, हे नव्हते. प्राप्तिकरातील प्रमाणित वजावट सगळ्याच पगारदारांना मिळते, घरून काम करणाऱ्याला वेगळे काही नाही. पोर्तुगालने २०२१मध्ये कायदा करून हा वाढीव खर्च मालकावर टाकला.

आपल्याकडे निदान नियुक्तिपत्रात तरी वीज-इंटरनेटची रक्कम लिहून द्यावी.

– एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)