क्लास निवडण्याआधी परीक्षा पाहा



कापूस घरात आला की पोरांच्या क्लासबद्दल विचारणारी पत्रं वाढतात. पारोळ्याकडच्या एका आबांचं पत्र समोर आहे. मुलगी बारावी सायन्स झाली. तिला कॉम्प्युटरच्या नेटवर्कचं सर्टिफिकेट करायचं आहे. जळगावच्या क्लासात सर फळ्यावर समजावून सांगतात, जाड पुस्तकं देतात, फी बेताची. धुळ्याच्या क्लासात मशीनवर बसवून काम करून घेतात, पण फी दुप्पट. आबा लिहितात, ‘‘पैसा एकदाच उभा राहील. कुठं घालू?’’

आबा, क्लासचा बोर्ड नंतर वाचा. आधी परीक्षा कशी होते ते पाहा.

नाइलिट या केंद्र सरकारच्या संस्थेची सीसीसी परीक्षा घ्या. ९० मिनिटांत १०० प्रश्न, दिलेल्या पर्यायांतून बरोबर उत्तर निवडायचं. नीट ऐकणारी, वाचणारी मुलगी फळ्यावरच्या शिकवणीनं आणि थोड्या सरावानं त्यात पास होते. सरकारी नोकरीच्या अर्जाला लागणारं सर्टिफिकेट एवढंच हवं असेल, तर ही सीसीसी किंवा २००१ साली सुरू झालेली आपली एमएस-सीआयटी पुरते. त्यासाठी दुप्पट फी मोजू नये.

आता रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए परीक्षा पाहा. तिथं खुणा करायला प्रश्नच नाहीत. तीन तास मशीन पुढ्यात, आणि कामांची यादी. ३०० पैकी २१० गुण हवेत. मशीन बंद करून पुन्हा चालू केल्यावर केलेलं काम टिकलं, तरच त्याचे गुण. इथं पाठांतर काय कामाचं? आणि परीक्षेची फी लहान नसते.

तुमच्या मुलीला हवी असलेली सिस्कोची सीसीएनए या दोन्हींच्या मधली. पेपर १२० मिनिटांचा. पुस्तकातलं विचारतात, आणि नेटवर्क जोडून दाखवायलाही लावतात. म्हणून नुसता फळा पुरणार नाही. पण फळा टाकूनही चालणार नाही. आयपी पत्त्यांचा हिशेब कोणीतरी सावकाश समजावून द्यावाच लागतो. तो न कळता मशीनवर बसलेलं पोर बटणं दाबत राहतं.

विहिरीवरची मोटार बंद पडली की तुम्ही काय करता? लाईट आहे का, तिन्ही फेज आहेत का, फ्यूज गेला का, स्टार्टर ओढतो का, असं एकेक तपासत जाता. ते कोणी भाषण देऊन शिकवलं नाही. दहादा मोटार बंद पडली तेव्हा ते अंगात मुरलं. नेटवर्कचं काम अगदी तसंच आहे. नोकरीवर घेणारा माणूसही हेच विचारतो, की बंद पडलं तर आधी काय पाहशील?

मात्र ‘प्रात्यक्षिक’ या शब्दानं भुलू नका. कित्येक ठिकाणी सर पडद्यावर करून दाखवतात आणि पोरं मागोमाग तसंच करतात. ते प्रात्यक्षिक नव्हे, पाहून लिहिणं झालं. धुळ्याला जाल तेव्हा विचारा: एका मशीनवर किती पोरं? सर नसताना बसू देतात का? मुद्दाम बिघडवून दुरुस्त करायला लावतात का? मुलीला सोबत न्या, एक दिवस वर्गात बसू द्या. बसू देत नसतील तर तुमचं उत्तर तिथंच मिळालं.

आणखी एक. क्लास शेवटी जो छापील कागद देतो, तो सिस्कोचा नसतो. सिस्कोची परीक्षा वेगळी, तिची फी वेगळी. क्लासच्या फीत ती धरली आहे का, हे लिहून घ्या. पुष्कळ घरं इथंच फसतात.

हात अगदीच आखडता असेल तर आयटीआयचा कोपा ट्रेड विसरू नका. दहावी पास चालतं, एका वर्षाचा आहे. वर्षाच्या १२०० तासांत ८४० तास प्रात्यक्षिक आणि २४० तास थिअरी. सरकारी आयटीआय जळगावलाही आहे, धुळ्यालाही. या ट्रेडच्या जागांची चौकशी करून ठेवा. त्यातून सीसीएनए मिळत नाही, पण मशीनवर हात बसतो.

सीसीएनएच करायची, तर माझं मत धुळ्याकडे झुकतं. वर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली तरच. पारोळ्याहून धुळं जवळही पडतं, आणि मार्च २०२३ पासून एसटीत बायका-मुलींना अर्धं तिकीट आहे. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं. घरी जुना कॉम्प्युटर असेल तर त्यावर मुलीला रात्री सराव करता येईल, आणि दोन महिने तो करून पाहिल्यावरच फी भरली तरी बिघडत नाही. हे सर्टिफिकेट तीन वर्षंच चालतं; पुढं ते नवं करून घ्यावं लागतं, तो खर्चही आत्ताच हिशेबात धरा.