बापूंची चकरी आणि 'हात लावू नये'ची पाटी



मागच्या महिन्यात आपल्या मंडळातल्या दोघा तरुणांचा फोन आला. गणपतीत जुन्या घरगुती वस्तूंचं प्रदर्शन मांडायचंय म्हणाले. पितळी डबे, जातं, अडकित्ते वगैरे जमलंय. "काका, तुमच्याकडच्या त्या लाकडी चकऱ्या द्याल का? काचेच्या पेटीत ठेवू, 'हात लावू नये' अशी पाटी लावू. तुम्ही काळजीच करू नका." मी म्हटलं, पाटी लावणार असाल तर नाही देणार. पोरं गोंधळली. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. जरा लांबेल. बँकेत पस्तीस वर्षं नोटिंग लिहिली, थोडक्यात लिहायची सवय काही लागली नाही.

चकरी म्हणजे आजच्या मुलांचा यो-यो. दोन लाकडी चकत्या, मध्ये दांडा म्हणजे आस, त्याला दोरा. आपल्याकडे ही काही परदेशातून आलेली गोष्ट नव्हे. सूरदासांच्या पदात बाळकृष्ण यशोदेकडे भोवरा आणि चकडोरी मागतो, ती चकडोरी म्हणजे हीच.

आमचे बापू मूळचे अमळनेरचे. ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतला आले ते इथलेच झाले. एका कापड मिलच्या सुतारखात्यात होते. तेव्हा बॉबिनं लाकडाची असत. बरीचशी हेदूच्या लाकडाची, हळदीसारखं पिवळट, एकसारखं, कातायला सोपं. १९५८च्या दिवाळीत बापूंनी जेवणाच्या सुट्टीत लेथवर एका उरलेल्या तुकड्यातून चकरी कातली. जोड नाही, सरस नाही, सबंध एकाच लाकडाची. मधली खाच पटाशीने कोरत नेऊन आस तेवढा शिल्लक ठेवलेला. मी तेव्हा दुसरीत होतो, दादा सहावीत. चकरी एक आणि आम्ही दोघं. दहा दादाच्या, दहा माझ्या असा हिशोब होता आणि मोजणारा दादाच होता, म्हणजे समजून घ्या.

१९७१ला बापू गेले. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तेराव्यानंतर दादाने चकरी बापूंच्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळली आणि पत्र्याच्या पेटीत ठेवली. मी एकदा मागितली, तर म्हणाला, "बापूंच्या हातची तेवढीच राहिलीय. तुटली तर?" मी पुन्हा मागितली नाही. पण मनात राहिलं. खरं सांगतो, पुढे मी ज्या चकऱ्या जमवल्या त्या सगळ्या त्या एका 'नाही'च्या बदल्यात.

नोकरीत बदल्या झाल्या, ते पथ्यावर पडलं. बंगळूरला असताना दर दोन-तीन महिन्यांनी चन्नपट्टणला जायचो, म्हैसूरच्या रस्त्यावरच आहे. तिथे काळ्या कुड्याचं पांढरं लाकूड लेथवर फिरतं आणि कारागीर लाखेची कांडी त्याला टेकवतो. घर्षणानेच लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याचं पान दाबून धरतात, की काचेसारखी चकाकी येते. तासन्‌तास बघत बसावं असं काम. सावंतवाडीच्या चितार आळीतूनही दोन आणल्या, पण तिथलं पांगाऱ्याचं लाकूड फार हलकं. दिसायला देखण्या, फिरायला मात्र दमच नाही. आज एकूण सदतीस आहेत. एकही पेटीत नाही. दिवाणखान्यात टोपलीत आहेत, आणि बायकोच्या मते भलत्याच जागी.

आता थोडं तांत्रिक, कंटाळा येणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आम्ही लहानपणी दोरा आसाला गाठ मारून बांधायचो. तशी चकरी खाली जाते आणि लगेच वर येते, बस्स. गाठ मारायची नसते, हे मला चाळिशीत कळलं, मुलाने प्लास्टिकचा यो-यो आणला तेव्हा. दोऱ्याला लांब ठेवून एका बाजूने पीळ देत जायचं, मग मध्यावर दुमडायचा, की तो स्वतःभोवती उलटा पिळतो. दुमडीच्या टोकाशी दोन पदर बोटांनी उकलायचे आणि तो फास नुसता आसात अडकवायचा. आता चकरी खाली गेली की आस फासात गरगर फिरत राहतो, चकरी तळाशी 'झोपते'. हातात हलका झटका दिला की दोरा आसाला धरतो आणि ती वर येते. ही फिलिपिन्सची रीत. तिथल्या पेद्रो फ्लोरेसने १९२८ साली कॅलिफोर्नियात या रीतीचे यो-यो करून विकायला सुरुवात केली आणि मग ते जगभर झाले. हल्लीच्या यो-योत बेअरिंग असतं, तो मिनिटभर आरामात झोपतो, कितीकदा त्याहून जास्त. लाकडी आसाची माझ्या हातात चार सेकंद झोपते, पाच झाली तर मी बायकोला हाक मारतो.

चार सेकंदांतच मजा आहे. बेअरिंगवाला वाट बघतो. लाकडी चकरी वाट बघत नाही. जरा उशीर झाला की मेली, पुन्हा हाताने गुंडाळा.

दोऱ्याचीही एक गंमत. पॉलिएस्टरचा दोरा लाकडी आसावर घासून गरम होतो आणि पटकन तुटतो, मी बरेच वाया घालवलेत. सुतीच लागतो. आणि आपल्या सुरतेत साड्यांचे डोंगर मिळतील, पण ते पॉलिएस्टरचे! शेवटी उपाय सापडला, उत्तरायणाआधी डबगरवाडात जाऊन मांजा न चढवलेल्या सुती दोऱ्याची रीळ घ्यायची. दुकानदार दरवर्षी विचारतो, "काका, मांजो नथी चढाववो?" मी म्हणतो, "ना भाई, मारे कोईनी पतंग नथी कापवी."

असो. २०१९च्या पावसाळ्यात दादा गेला. महिन्याभराने वहिनींनी बोलावून ती पत्र्याची पेटी माझ्यासमोर ठेवली. "भाऊजी, ही तुमचीच," एवढंच म्हणाल्या.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, नाहीतर दादावर अन्याय होईल. ऑगस्ट २००६मध्ये उकाईचं पाणी सोडलं तेव्हा अडाजणला दादाचं तळमजल्याचं घर बुडालं. त्या वेळी त्याने काय वर नेलं? घराची कागदपत्रं भिजली, फ्रीज गेला, वहिनींची शिलाई मशीन गेली. पेटी मात्र दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे सगळ्यांत आधी पोचली होती. तो नसता तर चकरीच राहिली नसती. हे मी विसरत नाही.

पेटी उघडली. दोरा हातात घेताच भुगा झाला. लाकूड सुकून एका चकतीवर केसासारखी चीर पडली होती. अठ्ठेचाळीस वर्षांत तिला कुणी फिरवलं नव्हतं. मी घरी आणली, आस मऊ फडक्याने पुसला, आठ पदरी दोरा पिळला आणि बापूंनी जशी कधी बांधली नव्हती तशी, गाठ न मारता, फास अडकवला. गॅलरीत उभा राहून सोडली. खाली गेली आणि झोपली. एकसष्ट वर्षांची चकरी आयुष्यात पहिल्यांदा झोपली. तीन सेकंद असतील. मी झटका द्यायचंच विसरलो.

आठ दिवस रोज फिरवली. नवव्या दिवशी फास निसटला आणि चकरी टाइल्सवर पडली. चिरेपासून नखाएवढा टवका उडाला.

पुतण्या आला होता, त्याने पाहिलं. "काका, बाबांनी पन्नास वर्षं सांभाळली आणि तुम्ही आठ दिवसांत टवका काढलात." माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे आजही नाही. त्या वर्षी दिवाळीला तो आमच्याकडे आला नाही. नंतर येणं-जाणं सुरू झालं, पण टोपलीकडे तो बघत नाही.

तरीही माझं मत बदललेलं नाही. बँकेत आमच्याकडे डेड स्टॉक रजिस्टर असायचं. खुर्च्या, कपाटं, पंखे सगळं त्यात लिहिलेलं, दरवर्षी मोजायचं आणि घसारा काढायचा. खुर्चीवर कुणी बसो न बसो, घसारा पडायचाच. दादाच्या पेटीतही तो पडतच होता. दोरा कुजला, लाकूड तडकलं, फक्त कुणाला दिसलं नाही. माझ्या हातून टवका उडाला तो सगळ्यांना दिसला, एवढाच फरक. आणि दुसरं, दादाच्या मुलाला चकरी फिरवता येत नाही. बापूंनी ती पोरांना खेळायला केली होती हो, सुट्टीतला घास लवकर संपवून. त्यांची आठवण लाकडात आहे असं दादाला वाटायचं. मला वाटतं ती मनगटाच्या त्या झटक्यात आहे, आणि तो काचेच्या पेटीत ठेवता येत नाही.

कुणी म्हणेल, मग मूळ चकरी जपा आणि खेळायला नवी घ्या. मीही तसं करून पाहिलंय. नव्या पोरांना बरोबर समजतं कुठली खरी आणि कुठली 'खेळायची'. खेळायची मग कुणालाच नको असते.

तेव्हा मंडळाच्या पोरांनो, चकऱ्या देतो, सदतीस आणि बापूंची अडतिसावी. अटी या : काच नको, पाटी नको, टेबलाखाली जाड सतरंजी अंथरा, आणि दोन खुर्च्या. एकीवर मी बसेन, संध्याकाळी सहा ते नऊ, पाचही दिवस. सुती दोऱ्याची रीळ मी आणेन. फुटली तर फुटली, भरपाई कुणाकडून घेणार नाही, हे लिहून देतो.

पहिला नंबर मात्र ठरलाय. पुतण्याची मुलगी यंदा दुसरीत गेली. तिने परवा स्वतःहून फोन करून विचारलं, "आजोबा, मोडकी चकरी मला चालेल का?" तिच्या बापाने फोन द्यायला सांगितलं की नाही, मी विचारलं नाही. दोऱ्याची लांबी जमिनीपासून बेंबीपर्यंत लागते, म्हणून तिला उभं करून आईला माप घ्यायला सांगितलं. सव्वीस इंच आलं. तेवढा दोरा पिळून ठेवलाय.