बेटावरचा नोकर कोणती भाषा बोलतो?

काही महिन्यांपूर्वी आम्ही एम.ए.च्या विद्यार्थ्यांना जॉन फोर्ड यांचा 'द हरिकेन' (१९३७) हा चित्रपट दाखविला. निमित्त अद्भुतरम्य कथेच्या अभ्यासाचे होते. आमच्यापैकी एक नांदेडला शिकवितो आणि दुसरी लातूरला. दोन्ही गावांहून निघाले तर रात्रभराच्या प्रवासाशिवाय समुद्र दिसत नाही. समोर बसलेल्या मुलांपैकी निम्म्यांनी तो प्रत्यक्ष पाहिलेलाही नव्हता. 'बेट' म्हटल्यावर त्यांना आधी बांबूचे बेट आठवते, मग गोदावरीच्या पुरात चहूबाजूंनी वेढले गेलेले एखादे गाव.

नायकाचे नाव तरंगी. ते कानी पडताच वर्गात हशा पिकला. आपल्याकडे तरंगी म्हणजे लहरी माणूस. हा तरंगी मात्र शिडाच्या जहाजावरचा कुशल खलाशी आहे. ताहितीच्या मद्यगृहात जागेवरून उठविण्याची अरेरावी करणाऱ्या गोऱ्याला तो ठोसा लगावतो आणि सहा महिन्यांच्या तुरुंगवासाला पात्र ठरतो. तो पळून जाण्याचा प्रयत्न करतो, पकडला जातो, पुन्हा पळतो. पलायनाच्या प्रत्येक प्रयत्नागणिक शिक्षा वाढत जाऊन वर्षांच्या हिशेबात पोहोचते. त्याच्या बेटावरचा फ्रेंच गव्हर्नर दयेला जागा न देता कायद्याच्या अक्षराला चिकटून राहतो. अखेरीस वादळच सारा हिशेब पुसून टाकते. हे वादळ बहुतांशी हॉलिवूडच्या स्टुडिओत निर्माण केलेले आहे आणि आजही ते पाहताना अंगावर येते. चित्रपटाला ध्वनिमुद्रणाचे ऑस्कर मिळाले, ते उगाच नव्हे.

चित्रपट संपल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ह्यात आपून कोन हाव?"

आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो. सैद यांच्या प्राच्यवादाची चौकट पुढे करून उत्तर देणे अवघड नव्हते, परंतु मुलाने सिद्धान्त विचारला नव्हता. त्याला जागा हवी होती. पडद्यावरच्या कोणत्या माणसाशेजारी बसावे, एवढेच तो विचारत होता.

आमच्या पिढीला हा प्रश्न पडला नाही, हे कबूल केले पाहिजे. या जातीचे चित्रपट आम्ही आवडीने पाहिले, आणि पाहताना नेहमी जहाजावरून बेटाकडे पाहिले. किंग व्हिडॉर यांच्या 'बर्ड ऑफ पॅरडाइज'मध्ये (१९३२) गोरा तरुण बेटावर उतरतो, तेथील मुलीच्या प्रेमात पडतो आणि शेवटी तिलाच ज्वालामुखीच्या स्वाधीन व्हावे लागते. आम्ही हळहळलो ते त्याच्या विरहाने. 'साउथ पॅसिफिक'मध्ये (१९५८) मरण तरुण गोऱ्या अधिकाऱ्याला येते, तरीही ते लग्न होत नाही ते नाहीच. १९३४ पासून कडकपणे अमलात आलेल्या हॉलिवूडच्या नीतिसंहितेत गोऱ्या आणि काळ्या वंशांतील शरीरसंबंध दाखविण्यास बंदी होती. बेटावरचे लोक त्या शब्दांत नेमके बसत नसत, पण तिची सावली त्यांच्यावरही पडलेली दिसते.

भूमिका कोणाला दिल्या, हेही पाहावे. 'द हरिकेन'मधील मारामा झालेली डोरोथी लॅमूर न्यू ऑर्लिन्सची. 'बर्ड ऑफ पॅरडाइज'ची डोलोरेस देल रिओ मेक्सिकोची. 'कोब्रा वुमन'मधील (१९४४) बेटाची राणी मारिया माँटेझ डॉमिनिकन प्रजासत्ताकातील. लॅमूरबाईंना ज्याने प्रसिद्धी दिली ते सारोंग मुळात मलायी वस्त्र. पडद्यावर ते निःसंकोचपणे पॉलिनेशियात नेसले गेले. आणि त्याच 'कोब्रा वुमन'मध्ये नायकाचा इमानी सोबती कोण? म्हैसूर संस्थानातील माहुताचा मुलगा साबू. 'एलिफंट बॉय'ने (१९३७) तो जगाला माहीत झाला होता. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे एक उत्तर हॉलिवूडने तेव्हाच देऊन ठेवले होते: आपण सोबती. नायकाच्या मागून एक पाऊल.

दुसरे उत्तर मुंबईने दिले, आणि ते आम्हांला अधिक बोचते. अगाथा ख्रिस्ती यांच्या बेटावरील खुनांच्या कादंबरीवरून राजा नवाथे या मराठी दिग्दर्शकाने 'गुमनाम' (१९६५) केला. नायिका नंदा, म्हणजे मास्टर विनायकांची कन्या. विमानातून उतरलेले प्रवासी निर्जन किनाऱ्यावरच्या हवेलीत अडकतात. तेथे त्यांना जेवू घालणारा काळा, विनोदी खानसामा मेहमूद दखनी बोलतो. सगळे शहरी पाहुणे स्वच्छ हिंदी बोलतात. नोकर तेवढा हैदराबादी. गोऱ्या हेलनबरोबर त्याला नाचायला मिळते तेही स्वप्नातल्या गाण्यात. नांदेड आणि आजचे लातूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. ती दखनी आमच्या बाजारातली, आमच्या शेजाऱ्यांची भाषा आहे. आमच्या वडीलधाऱ्यांना हा चित्रपट फार आवडे. 'आपल्याकडचं बोलतोय' म्हणून ते खूश होत. आपल्याकडचे बोलणारा नोकरच का, असे कोणी विचारल्याचे आम्हांला आठवत नाही.

वेगळे काही घडू शकत होते का? घडले होते. 'द हरिकेन'च्या एक वर्ष आधी, १९३६ साली, पुण्याच्या प्रभात स्टुडिओत व्ही. शांताराम यांनी 'अमर ज्योती' हा हिंदी चित्रपट काढला. पुण्यालाही समुद्र नाही, हे जाता जाता नोंदवितो. दुर्गा खोटे यांची सौदामिनी आपल्या मुलाचा ताबा नाकारणाऱ्या राज्यव्यवस्थेविरुद्ध उठते, चाचेगिरी पत्करते आणि जहाजाची सत्ता हाती घेते. ती किनाऱ्यावर कोणाची वाट पाहत बसलेली नाही. जहाज तिचे आहे. चित्रपटात भडकपणा आहे, योगायोगांची रेलचेल आहे, आणि तरीही आम्ही तो 'बर्ड ऑफ पॅरडाइज'हून वरचा मानतो. त्याच वर्षी प्रभातने 'संत तुकाराम' केला. तुकाराम आमच्या अभ्यासक्रमात आहेत. सौदामिनीचे नाव आमच्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. मराठी वाचकाच्या मनातील बेट तर बहुधा अंदमान हेच राहिले. 'माझी जन्मठेप' वाचलेल्या माणसाला माडांच्या रांगेमागे तुरुंगाची भिंत दिसते. तरंगीचा तुरुंग आमच्या वर्गाला चटकन कळला, त्यामागे हेही कारण असावे.

आता आमच्याविषयी. पडद्यावर आणि मालिकांमध्ये मराठवाडी बोली आली की प्रेक्षकाने हसायचे असते, हा संकेत पक्का झालेला आहे. 'करूलालाव', 'जायलो' अशी रूपे ऐकू आली की विनोद सुरू झाला असे समजावे. यावर आम्ही चर्चासत्रांत तावातावाने बोललो आहोत. पुण्या-मुंबईच्या नजरेला आम्ही नावेही ठेवली आहेत, आणि ती मागे घेण्याचा विचार नाही. परंतु वर्गात आम्ही काय करतो? खेड्यातून आलेला मुलगा उत्तर देऊ लागला की आमचे लक्ष आधी त्याच्या क्रियापदाकडे जाते. प्रमाण मराठी शिकविणे हे आमचे कामच आहे, तिच्यावाचून ही मुले मुलाखतीच्या खोलीतून परत पाठविली जातील, हेही खरे. दोघांपैकी एकाला हा युक्तिवाद पुरेसा वाटतो, दुसरीला वाटत नाही. हा लेख लिहितानाही आमचे त्यावर एकमत झालेले नाही.

प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आम्ही त्या दिवशी सांगितले की तूच तरंगी आहेस. तो हसला. नंतर जुनी गुणपत्रके चाळताना त्याच्या पहिल्या सत्राच्या तोंडी परीक्षेची नोंद सापडली. विषयज्ञानाला पैकीच्या पैकी गुण होते. खाली आमच्याच अक्षरात शेरा होता, 'भाषा सुधारणे आवश्यक', आणि दोन गुण वजा.